हाताला पेलेल तेवढंच रिव्हॉल्व्हर

शिकारीसाठी मोठ्या बोअरचं, म्हणजे जाड गोळीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर कोणतं, हा प्रश्न अमेरिकेत गेली सत्तर वर्षं चर्चेत आहे. दर दहा-पंधरा वर्षांनी त्याला आधीपेक्षा दांडगं असं नवं उत्तर मिळत आलं आहे. १९५६ मध्ये .४४ मॅग्नम बाजारात आलं, तेव्हा हातात धरून उडवायच्या शस्त्राची ही शेवटची मर्यादा, असं जाणत्यांनाही वाटलं होतं. आज त्याच्या अडीच पट ऊर्जेचं काडतूस साध्या दुकानात मिळतं. पर्याय वाढले, तशी निवड अवघड झाली. आणि चुकीच्या निवडीची किंमत माणसापेक्षा जनावराला जास्त मोजावी लागते. पोटात किंवा जबड्यात गोळी घेऊन झाडीत शिरलेलं हरीण तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडून मरतं. म्हणून या आढाव्यामागची भूमिका आधीच सांगून टाकतो. रिव्हॉल्व्हरची निवड सावजाच्या आकारावरून कमी आणि शिकाऱ्याच्या मनगटावरून जास्त व्हायला हवी.

भारतात हा प्रश्न उरलेलाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत शिकार हा राज्यांनी ठरवून दिलेल्या हंगामांचा, परवान्यांचा आणि मर्यादित संख्येचा व्यवहार आहे. त्यात रिव्हॉल्व्हरला जागा मिळाली, ती केवळ हौसेपोटी नाही. मिशिगनच्या दक्षिण भागासारख्या सपाट, दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात हरणांच्या हंगामात लांब पल्ल्याच्या रायफलींना वर्षानुवर्षं मनाई होती. चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटरवरच्या घरात जाऊ शकते. तिथे शॉटगन चालायची, सरळ पुंगळीच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर चालायचं. ओहायो, इंडियाना, आयोवा या राज्यांनीही थोड्याफार फरकाने हीच दिशा धरली. टेक्सासच्या काटेरी झुडपांत रानडुकरं वीस-तीस मीटरवर दिसतात. तिथे लांब नळीची रायफल फांद्यांत अडकते. अलास्कात सामन मासे धरणाऱ्याचे दोन्ही हात गळात गुंतलेले असतात, पाठीवरची रायफल उतरवेपर्यंत अस्वल अंगावर आलेलं असतं. आणि काही शिकारी असेही आहेत, ज्यांना दोनशे मीटरवरून चाप ओढण्यापेक्षा पन्नास मीटरपर्यंत वारा सांभाळत, पानं न वाजवता जाणं हीच खरी शिकार वाटते. या शेवटच्या मंडळींबद्दल मला सर्वांत जास्त आदर आहे.

गोष्टीची सुरुवात .३५७ मॅग्नमपासून होते. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी ते आणलं. जुन्या .३८ स्पेशलची पुंगळी थोडी लांब केली, म्हणजे जुन्या कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये ती बसणारच नाही, आणि आतला दाब भरपूर वाढवला. कंपनीचे डग्लस वेसन यांनी स्वतः त्याने मोठमोठी जनावरं टिपून नव्या काडतुसाचा गाजावाजा केला. त्यांच्या नेमबाजीबद्दल शंका नाही, पण .३५७ ची सात-सव्वासातशे जूल ऊर्जा आणि दहा ग्रॅमची गोळी ही मध्यम हरणापलीकडे नेऊ नये, हे आज सर्वमान्य आहे. तेवढ्यासाठीही अंतर कमी आणि कोन स्वच्छ हवा.

पुढचं पाऊल ज्याच्या हट्टामुळे पडलं, तो माणूस म्हणजे एल्मर कीथ. १८९९ चा जन्म, आयडाहोच्या डोंगरांत गुरं राखणं, शिकाऱ्यांना वाट दाखवणं आणि मासिकांत लिहिणं असा त्याचा पिंड. तरुणपणी त्याने .४५ कोल्टमध्ये जड गोळी आणि भरपूर दारू भरली, आणि १९२५ मध्ये ते रिव्हॉल्व्हर त्याच्या हातातच फुटलं. त्यातून त्याने जो धडा घेतला तो आजही निवडीचा पाया आहे. सिलिंडरचा व्यास ठरलेला असतो. त्यात पाडलेली भोकं जितकी मोठी, तितकी त्यांच्यामधली पोलादाची भिंत पातळ. .४५ पेक्षा .४४ ची पुंगळी बारीक, म्हणून तिच्याभोवती पोलाद जास्त उरतं. कीथने .४४ स्पेशलची पुंगळी घेतली, तिच्यासाठी चपट्या नाकाची, कडेला धार असलेली २५० ग्रेनची, म्हणजे सुमारे सोळा ग्रॅमची शिशाची गोळी स्वतः आखली आणि तीस वर्षं कारखानदारांच्या मागे लागला, की हेच काडतूस जास्त दाबाचं करून द्या. शेवटी रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर केलं. १९५५ च्या अखेरीस पहिली रिव्हॉल्व्हरं तयार झाली, आणि लगेच १९५६ मध्ये रूगर कंपनीचं ब्लॅकहॉकही याच काडतुसासाठी आलं. पुढे ‘मॉडेल २९’ या नावाने ओळखलं गेलेलं ते स्मिथ अँड वेसन १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवुडच्या हाती दिसलं आणि दुकानांत मिळेनासं झालं. चित्रपट पाहून ते विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरी काडतुसाची पेटी फोडली, हा वेगळा प्रश्न आहे.

.४४ मॅग्नमची नेहमीची २४० ग्रेनची गोळी साडेसात इंची नळीतून सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. ऊर्जा तेराशे-चौदाशे जूल. रायफलवाल्यांना हा आकडा हास्यास्पद वाटतो, कारण साध्या .३०८ रायफलची ऊर्जा याच्या अडीच पट असते. पण हा हिशेब रायफलचा आहे आणि रिव्हॉल्व्हरला तो लावता येत नाही. सगळ्या निवडीची गोम इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

रायफलची गोळी सेकंदाला सात-आठशे मीटर वेगाने शिरते. तिच्या वाटेभोवतीचं मांस क्षणभर इतक्या जोराने ताणलं जातं, की आतली इंद्रियं गोळी न लागताही फाटतात. रिव्हॉल्व्हरच्या वेगाला असं फारसं होत नाही. इथे गोळी ज्याला प्रत्यक्ष भिडते, तेवढंच नष्ट होतं. म्हणजे भोक किती रुंद आणि किती खोल, एवढाच सवाल. रुंदी मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे तांब्याचं आवरण असलेली, टोकाला पोकळी ठेवलेली गोळी. ती आत शिरताच उमलते. पण उमलली की तिची चाल मंदावते, आणि ती फऱ्याच्या जाड हाडावर आपटली तर फुप्फुसापर्यंत पोचेलच असं नाही. दुसरा मार्ग कीथचा, म्हणजे गोळी मुळातच जाड घ्या, तिचं नाक चपटं ठेवा, शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ती कडक करा. अशी गोळी उमलत नाही, वाकत नाही, सरळ आरपार जाते. नाकाचा चपटा भाग जितका रुंद, तितकी जखम मोठी. निमुळत्या गोल नाकाची गोळी याच वेगाने, याच वजनाची असूनही मांस बाजूला सारून निघून जाते आणि जनावर मैलभर पळतं.

यातून साधा नियम निघतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण सत्तर-ऐंशी किलोचं असतं, त्याच्या छातीचा पिंजरा अरुंद. तिथे उमलणारी २४० ग्रेनची गोळी उत्तम. ती दोन्ही फुप्फुसं फाडून बहुतेक वेळा बाहेरही पडते. एल्क तीन-चारशे किलोचं, मोठं रानडुक्कर खांद्यावर जाड ढालीसारखी कातडी वागवतं, अस्वलाची हाडं भक्कम. तिथे ३०० ग्रेनच्या आसपासची कडक, चपट्या नाकाची गोळी हवी. माझ्या मते .४४ साठी गोळीची निवड ही रिव्हॉल्व्हरच्या निवडीपेक्षा मोठी गोष्ट आहे. चुकीच्या गोळीचं .५०० घेण्यापेक्षा बरोबर गोळीचं .४४ घ्यावं. आणि गोळी आरपार जायला हवीच, कारण दुसऱ्या बाजूचं भोक खालच्या अंगाला असतं, रक्त तिथून वाहतं, आणि रिव्हॉल्व्हरने मारलेलं हरीण फुप्फुसं फाटल्यावरही पन्नास-शंभर मीटर धावतं. त्याला शोधायचं ते त्या रक्तावरूनच.

.४४ च्या वरची चढाओढ वायोमिंग राज्यात रंगली. डिक कॅसुल यांनी १९५० च्या दशकातच .४५ कोल्टची पुंगळी किंचित लांब आणि भक्कम करून, रायफलच्या दाबाला झेपेल असं काडतूस बनवलं होतं. त्याला शोभेल असं रिव्हॉल्व्हर मात्र १९८३ मध्ये आलं, फ्रीडम या छोट्या गावातल्या फ्रीडम आर्म्सचं मॉडेल ८३. सहाऐवजी पाच काडतुसं, म्हणजे भोकांमध्ये पोलाद जास्त. सिलिंडरची भोकं त्याच रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या रेषेत पाडलेली, त्यामुळे गोळी नळीत शिरताना किंचितही तिरकी होत नाही. इतकं नेमकं काम कारखान्यात बनणाऱ्या फार थोड्या रिव्हॉल्व्हरांत दिसतं, आणि किंमतही तशीच. .४५४ कॅसुलचा मान्य दाब चौरस इंचाला ६५,००० पौंड; .४४ मॅग्नमचा ३६,०००. तीनशे ग्रेनची गोळी जवळपास पाचशे मीटर वेगाने, ऊर्जा तेवीस-चोवीसशे जूल. कागदावर हे विलक्षण आहे. हातात मात्र ते अंगावर येतं. धक्का जितका मोठा तितकाच तो झटकन बसतो, आवाज कर्कश, आणि अनेक पट्टीचे नेमबाज काही बारांनंतर ते खाली ठेवतात. .४५४ घेणाऱ्यांपैकी बरेच जण त्यात हलकी काडतुसं किंवा साधं .४५ कोल्टच वापरतात. ते वावगं मुळीच नाही. तो या काडतुसाचा फायदाच आहे.

त्याच वायोमिंगमधल्या कोडी गावचे जॉन लाइनबॉ दुसऱ्या वाटेने गेले. वेग वाढवण्यापेक्षा गोळी जाड आणि जड करा, दाब मध्यम ठेवा, असं त्यांचं म्हणणं. रूगरच्या सांगाड्यावर नवं, मोठं, पाच काडतुसांचं सिलिंडर बसवून त्यांनी आधी .४५ कोल्टला नवा जन्म दिला. रॉस सायफ्रीड या लेखक-शिकाऱ्याने १९८० च्या दशकात असंच रिव्हॉल्व्हर घेऊन आफ्रिकेत रानम्हैस मारली. पुढे .३४८ विंचेस्टर रायफलची पुंगळी कापून .५०० लाइनबॉ आणि .४५-७० ची कापून .४७५ लाइनबॉ झालं. हाताने बनवलेली ही रिव्हॉल्व्हरं थोड्यांच्याच वाट्याला आली, पण विचार टिकला. २००१ मध्ये रूगर आणि हॉर्नडी यांनी .४७५ लाइनबॉची पुंगळी जरा आखूड करून .४८० रूगर आणलं. सव्वातीनशे ग्रेनची, बारा मिलिमीटर जाडीची गोळी, सेकंदाला चारशे मीटरच्या थोड्या वर. दाब ४८,०००, म्हणजे कॅसुलपेक्षा पुष्कळ कमी. धक्का मोठा असतो पण तो ढकलल्यासारखा येतो, चाबकासारखा नाही. .४४ च्या वर जायचंच असेल तर माझ्या लेखी हे सर्वांत समंजस काडतूस आहे. दुर्दैवाने बाजाराने त्याला तेवढी साथ दिली नाही, कारण दोनच वर्षांनी त्याला झाकोळणारं काहीतरी आलं.

२००३ मध्ये स्मिथ अँड वेसनने मॉडेल ५०० आणलं. कंपनीने त्यासाठी ‘एक्स’ नावाचा संपूर्ण नवा, अवाढव्य सांगाडा तयार केला. साडेबारा मिलिमीटरहून जाड गोळी, चारशे ग्रेनच्या भारात चौतीसशे जूलपर्यंत ऊर्जा, आणि सव्वाआठ इंचांहून थोडी लांब नळी धरून रिकाम्या रिव्हॉल्व्हरचं वजन दोन किलो. २००५ मध्ये त्याच सांगाड्यावर .४६० आलं. त्याचा रोख वेगावर. दोनशे ग्रेनची गोळी कारखान्याच्या दाव्यानुसार सेकंदाला सातशे मीटरच्या घरात, म्हणजे रिव्हॉल्व्हरसाठी अभूतपूर्व सपाट मार्ग. त्यात .४५४ आणि .४५ कोल्टही उडवता येतं. ज्याला दुर्बीण लावून, काठीचा टेकू घेऊन शंभर मीटरपलीकडे हरीण टिपायचं आहे त्याला .४६० पटण्यासारखं आहे. पण दोन किलोंचं रिव्हॉल्व्हर कमरेला बांधून दिवसभर डोंगर चढायचा, तर छोटी रायफलच का घेऊ नये, या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

आता धक्क्याचं गणित. ते कोणालाही करता येतं: गोळीचं वजन गुणिले वेग, अधिक जळलेल्या दारूच्या वायूचा संवेग; या बेरजेचा वर्ग, भागिले रिव्हॉल्व्हरच्या वजनाची दुप्पट. १,३६० ग्रॅमच्या रूगर सुपर ब्लॅकहॉकमध्ये .४४ मॅग्नमचा मागे येणारा धक्का पंचवीस जूलच्या आसपास निघतो. साडेतीन किलोंच्या .३०८ रायफलचाही जवळपास तेवढाच. फरक इतकाच की रायफलचा धक्का खांदा झेलतो आणि रिव्हॉल्व्हरचा फक्त दोन तळवे. दीड किलोंच्या .४५४ मध्ये तोच पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि दोन किलोंच्या .५०० मध्ये पासष्टच्या आसपास. उलट, वजन वाचवण्यासाठी स्कँडियमच्या मिश्रधातूचं, सातशे ग्रॅमचं .४४ काढलं आहे. त्यात हाच आकडा पन्नासच्या घरात जातो. खिशाला हलकं वाटणारं हे शस्त्र पूर्ण भाराच्या काडतुसांनी सरावासाठी निरुपयोगी आहे, आणि सराव होत नाही त्या शस्त्राने शिकार करू नये.

धक्क्याने हात दुखतो, ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी, की मेंदू त्याची आधीच धास्ती घेतो. चाप सुटायच्या क्षणी डोळे मिटतात, मनगट खाली झुकतं, आणि गोळी सावजाच्या पुढच्या पायात जाते. यावर धैर्य कामाला येत नाही. हलक्या काडतुसांचा भरपूर सरावच कामी येतो. म्हणून .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल चालणं, .४५४ मध्ये .४५ कोल्ट चालणं हा निवडीतला मोठा गुण मानला पाहिजे. मधूनमधून सिलिंडरमध्ये रिकामी पुंगळी मिसळून ठेवावी. बार न होता नळी खाली डुचकली, तर रोग तिथल्या तिथे कळतो.

सांगाड्याची निवड यानंतर येते. एकेरी क्रियेचं, म्हणजे दरवेळी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागणारं रिव्हॉल्व्हर जुन्या कोल्टच्या धाटणीचं असतं. त्याची गोलसर मूठ धक्क्याबरोबर तळव्यात वर फिरते आणि जोर थोडा वाटून जातो. .४४ पर्यंत ते सुखाचं वाटतं. त्यापुढे चापाच्या मागचा कमानीचा भाग मधल्या बोटावर ठोसा मारतो. तिथे ‘बिस्ली’ धाटणीची, अधिक उभी मूठ बरी. रूगरची सुपर ब्लॅकहॉक १९५९ पासून चालू आहे, तिची ताकद वादातीत आहे आणि १९७३ नंतरच्या रूगरमध्ये घोडा आणि पिन यांच्यामध्ये सुरक्षेचा दांडा आल्याने सहाही काडतुसं भरून नेता येतात. त्याआधीची जुनी रिव्हॉल्व्हरं घेतलीत तर घोड्याखालचं घर रिकामंच ठेवायचं. दुहेरी क्रियेची रिव्हॉल्व्हरं, म्हणजे रूगरची रेडहॉक आणि १९८७ पासूनची सुपर रेडहॉक, स्मिथ अँड वेसनचं ६२९, दुसरा बार लवकर काढू देतात आणि सिलिंडर बाजूला पडत असल्याने भरायला सोपी. चापाची गुळगुळीत चाल स्मिथ अँड वेसनमध्ये सरस, दणकटपणा रूगरमध्ये. १९७६ पासून अमेरिकेत धातूच्या पुतळ्यांवर नेम धरण्याच्या स्पर्धा संघटितपणे सुरू झाल्या. त्यात दोनशे मीटरवरचा पोलादी मेंढा आडवा पाडण्यासाठी लोकांनी हजारो जड काडतुसं उडवली, आणि सुरुवातीच्या मॉडेल २९ चे सांधे त्यात ढिले पडले. कंपनीने नंतर आतले भाग मजबूत केले. वापरलेलं रिव्हॉल्व्हर घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी, सिलिंडर हाताने हलवून पाहावं.

.४५ कोल्टबद्दल एक इशारा दिलाच पाहिजे. १८७३ च्या या काडतुसाचा मान्य दाब १४,००० आहे, पण आजच्या मजबूत रूगरसाठी त्याच पुंगळीत दुपटीहून जास्त दाबाचे भार विकले जातात. रूगरमध्ये ते .४४ मॅग्नमच्या तोडीला जातात आणि तुलनेने सौम्य वाटतात. आजोबांच्या कोल्टमध्ये किंवा तिच्या हलक्या नकलेत ते घातले तर सिलिंडर फुटेल. घरात दोन्ही रिव्हॉल्व्हरं असतील तर ही काडतुसं एका खणात ठेवू नयेत.

नळी किती लांब असावी, यावर फार शाई खर्च झाली आहे. चार इंची नळी कमरेला सोयीची, पण वेग घटतो आणि डोळ्यांपुढचं माशी-खाचेतलं अंतर कमी होतं. साडेसात इंची नळीवर ते अंतर साधारण २४० मिलिमीटर असतं. पुढची माशी मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला दिसली, तर पन्नास मीटरवर गोळी एकवीस सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाच्या फुप्फुसांचं लक्ष्य सगळं मिळून वीस सेंटिमीटरचं. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचीच मुभा. चाळिशीनंतर डोळ्यांना माशी धूसर दिसू लागते. तेव्हा मान राखून लाल ठिपक्याचं छोटं साधन बसवावं. आता ते बहुतेक मोठ्या रिव्हॉल्व्हरांवर बसतं, धक्काही सोसतं, आणि त्याने जखमी जनावरांची संख्या कमी होत असेल तर परंपरेच्या नावाखाली त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. अंतराबाबत एक कसोटी पुरेशी आहे. ज्या अंतरावर, ज्या ढंगाने बसून किंवा टेकून, पाचही गोळ्या वीस सेंटिमीटरच्या ताटात प्रत्येक वेळी पडतात, ते तुमचं अंतर. बहुतेकांचं ते चाळीस-पन्नास मीटर असतं. पन्नास मीटरला जुळवलेलं .४४ शंभर मीटरवर पंधरा-सोळा सेंटिमीटर खाली मारतं, हेही ध्यानात असू द्यावं.

अस्वलाचा विषय टाळता येत नाही, कारण अर्धी मोठी रिव्हॉल्व्हरं त्याच्याच धास्तीने विकली जातात. अमेरिकी वनखात्याने १९८३ मध्ये अलास्कात कमी अंतरावर गोळ्यांची चाचणी घेतली. तिच्यात जड रायफली पुढे राहिल्या, हातातली शस्त्रं बरीच मागे, आणि त्यांतल्या त्यात .४४ मॅग्नमच विचारात घेण्याजोगं ठरलं. पुढे टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अलास्कातल्या २६९ घटना तपासल्या. त्यांत पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने अस्वल थोपवण्याचं प्रमाण ८४ टक्के, लांब नळीच्या शस्त्रांचं ७६ टक्के निघालं. पण त्याच अभ्यासात, बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांच्या दुखापतींत फरक आढळला नाही. याच मंडळींच्या २००८ च्या अभ्यासात मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलं नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा थांबली होती. मासे धरायला जाणाऱ्याने म्हणून आधी फवारा घ्यावा. .५०० घेऊन आपण सुरक्षित झालो असं समजणाऱ्याला अंगावर धावून येणाऱ्या अस्वलावर दुसरा बार काढायला वेळच मिळत नाही. धक्क्याने नळी डोक्यावर गेलेली असते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू कडेला फुटतो. आधाराच्या हाताची बोटं तिथे आली तर .४६०-.५०० मध्ये मांस फाटतं. जोरदार धक्क्याने न उडवलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि सिलिंडर अडकतं, म्हणून हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये नवी काडतुसं दोन-तीन बारांनंतर काढून तपासावीत. आवाज १६० डेसिबलच्या वर जातो आणि एकच बार कानाची कायमची हानी करू शकतो. शिकारीत चालतील असे इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक मिळतात. ते रिव्हॉल्व्हरबरोबरच विकत घ्यावेत. .४४ ची काडतुसं खेड्यातल्या दुकानातही मिळतात, .४८० आणि लाइनबॉची मागवावी लागतात, .५०० ची मिळतात पण महाग. मोठ्या बोअरचे बहुतेक पक्के शिकारी म्हणूनच स्वतः काडतुसं भरतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. तिथे शिसं नसलेल्या, बहुधा घन तांब्याच्या गोळ्या वापराव्या लागतात, आणि गिधाडांच्या जिवाच्या दृष्टीने तो निर्णय मला योग्य वाटतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. गोळीबाराच्या मैदानावर घटकाभर भाड्याने हातात घेणं हेही त्यात मोडतं. याला असलेल्या थोड्या अपवादांपैकी एक म्हणजे त्या वेळी चालू असलेला, एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना. शेजारी किंवा ऑफिसातला सहकारी प्रेमाने मैदानावर घेऊन गेला आणि त्याला हा नियम माहीत नसला, तरी गुन्हा तुमच्याच नावावर लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही आडकाठी नाही.

आता निवड. हरीण, रानडुक्कर आणि काळं अस्वल यांच्यासाठी साडेसहा ते साडेसात इंची नळीचं .४४ मॅग्नम, सांगाडा रूगरचा किंवा नंतरच्या मजबूत बनावटीचा स्मिथ अँड वेसनचा. काडतुसं घरी भरणाऱ्याला रूगरमधलं .४५ कोल्टही तितकंच चांगलं. जड गोळी घालून हेच रिव्हॉल्व्हर पन्नास मीटरच्या आत एल्कलाही पुरतं. एल्क, मूस किंवा तपकिरी अस्वल हेच मुख्य सावज असेल आणि .४४ वर हात पक्का बसला असेल, तर .४८० रूगर. ज्याला एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये हलक्या सरावापासून सर्वांत जड भारापर्यंत सगळं हवं आहे आणि पैशांची अडचण नाही, त्याने फ्रीडम आर्म्सचं .४५४ घ्यावं. .४६० टेकू घेऊन लांबून मारणाऱ्यासाठी. .५०० मी कोणाला पहिलं रिव्हॉल्व्हर म्हणून सुचवणार नाही. दुसरं म्हणूनही फार थोड्यांना. ठरवण्याआधी दोन-तीन काडतुसं कोणाच्या तरी अनुभवी हाताखाली उडवून पाहा, आणि विकत घेतल्यावर पहिल्या वर्षीचं बजेट दुर्बिणीवर न घालवता काडतुसांवर घालवा.